टाइल साल सांगते: ओट्यामागची भिंत लवकर जुनी दिसू नये म्हणून

गुजरातमधल्या मोरबीत दोन गोष्टी ढिगाने तयार होतात. भिंतीवरची घड्याळं आणि भिंतीवरच्या टाइल. घड्याळ वेळ सांगतं, टाइल साल सांगते. हा माझा जुना विनोद. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टाइलच्या दुकानात मी १९९६ पासून २०२१ पर्यंत काउंटरमागे उभा होतो आणि गिऱ्हाइकाचा चहा येईपर्यंत तेवढा विनोद पुरायचा. घरी बसल्यावर कळतंय, की त्यात विनोद कमी होता.

कोणाच्याही घरी गेलो की पाणी पिण्याच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात डोकावतोच. ओट्यामागची भिंत बघितली की काम कधी झालंय ते कळतं, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे. काळ्या कडप्प्यावर सहा इंची पांढऱ्या टाइलच्या तीन-चार ओळी आणि वर ऑइलपेंट, म्हणजे घर नव्वदच्या आधीचं. आठ बाय बारा इंचाची टाइल आणि मधेमधे कपबशी, किटली नाहीतर द्राक्षाचा घड, म्हणजे शतक पालटतानाचं. बारा बाय अठरा, खाली चॉकलेटी, वर बदामी आणि मधून हायलायटरची, म्हणजे नक्षीच्या टाइलची, ओळ गेलेली, म्हणजे २००५ ते २०१२. निळी-राखाडी मोरोक्कन नक्षी दिसली की २०१७ च्या पुढचं. पांढऱ्यावर करड्या-सोनेरी शिरा आणि आरशासारखी चकाकी असली, की लॉकडाउनच्या आगेमागे. बायको म्हणते, दुसऱ्याच्या घरात असं बघू नये. मी बोलत नाही कोणाला, मनात साल लिहून घेतो फक्त.

गेल्या दिवाळीत भाचीला कोलशेतला फ्लॅटचा ताबा मिळाला. बिल्डरने ओट्यामागे जी टाइल लावून दिली होती ती तिला पहिल्याच दिवशी खुपली. फोन आला, "मामा, दहा वर्षांनी जुनी वाटणार नाही अशी टाइल सांग. आणि व्हॉट्सॲपवर शंभर फोटो पाठवू नकोस." तिला दोन रविवार घेऊन जे सांगितलं, ते इथे लिहितो.

पहिल्या रविवारी मी तिला दुकानाच्या दर्शनी भागात थांबूच दिलं नाही. सरळ मागे घेऊन गेलो. प्रत्येक दुकानात, नाहीतर त्याच्या गोडाउनमध्ये, एक कोपरा लॉटच्या मालाचा असतो. उरलेल्या पेट्या, बंद झालेली डिझाइन, अर्ध्या किमतीचा माल. तीन-चार वर्षांपूर्वी दिव्यांच्या झोतात पुढे लावलेला हाच माल होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून आम्ही "एकदम लेटेस्ट आहे मॅडम" म्हणत होतो. तिथे काय पडलंय ते नीट बघा. छापील फळं, कॉफीचे मग, "किचन" अशी इंग्रजी अक्षरं, त्रिमितीचा आभास करणारे ठोकळे, चमकीची पूड मारलेल्या टाइल, विचित्र मापं. मग काय नाही ते बघा. साधी पांढरी चकचकीत टाइल तिथे नसते. साधी ऑफव्हाइटही नसते. पंचवीस वर्षांत मी ती लॉटमध्ये फक्त कोपरा फुटलेल्या पेटीतच पाहिली. ती शिळी व्हायला थांबतच नाही. दर महिन्याला संपते, दर महिन्याला मागवतो.

म्हणून काउंटरवरच्या माणसाला "लेटेस्ट काय आलंय?" हा प्रश्न विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी नासतं. त्याऐवजी विचारा, "दहा वर्षांपूर्वी विकत होतात आणि आजही विकता अशी कुठली टाइल आहे?" तो जरा गोंधळेल, कारण असं कोणी विचारत नाही. मग आतून दोन-तीन नमुने आणेल. तुमची निवड त्या दोन-तीनमध्येच आहे, निदान सुरुवात तरी तिथून करा.

डिझाइन इतक्या वेगाने का बदलतात याचंही कारण आहे. पूर्वी टाइलवरची नक्षी जाळीतून किंवा रोलरने छापायचे. एक नक्षी तयार करायची म्हणजे साचे, रोलर, खर्च. एकदा केली की कारखाना ती वर्षानुवर्षं चालवायचा. २०१० नंतरच्या काही वर्षांत मोरबीत डिजिटल छपाई आली, कागदावर छापावं तसं टाइलवर शाईने छापायचं. नवं डिझाइन म्हणजे आता संगणकातली एक फाइल. झालं, कॅटलॉग दर दोन-तीन महिन्यांनी बदलायला लागले. तुम्ही आज जी शिरांची टाइल घेताय ती पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही, आणि न मिळणारी टाइल हीच जुनी दिसणारी टाइल.

त्यातून संगमरवराच्या छापाचीच हवी असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा: "रँडम किती आहेत?" म्हणजे त्या डिझाइनमध्ये वेगवेगळे छाप किती. दोनच असतील तर तीच शीर, तोच फाटा, भिंतीवर एकाआड एक दिसत राहतो. पहिल्या आठवड्यात लक्षात येत नाही. एकदा लक्षात आला, की रोज भाजी परतताना तोच दिसतो.

आमच्या घरातली द्राक्षं

मी काही हे आधीपासून शहाणा होतो असं नाही. आमचं घर वर्तकनगरला. वडिलांनी १९८४ साली ओट्यामागे सहा इंची पांढरी टाइल लावली होती. तेव्हा टाइल कुठल्याही कंपनीची असो, ठाण्यात लोक "जॉन्सन लावली" म्हणायचे. कंपनीचा कारखानाच माजिवड्याला होता ना. २००३ मध्ये मी दुकानात नोकरीला, मालक सवलत देणार, मग काय विचारता. आठ बाय बाराची क्रीम टाइल आणि दर चौथीला द्राक्षाचा घड. वर वेलाची बॉर्डर. शेजारपाजारचे बघायला आले होते.

सहा-सात वर्षांत घडातला जांभळा रंग नजरेला टोचायला लागला. टाइल उत्तम होती, एकही तडकली नाही, हीच तर पंचाईत. मोडकी असती तर काढायला कारण मिळालं असतं. शेवटी २०१९ मध्ये छिन्नी लावली. तेव्हा फ्रिज पुढे ओढला, तर त्याच्यामागे वडिलांची पांढरी टाइल तशीच. फ्रिजमागे कोण बघतंय म्हणून २००३ मध्ये तेवढा तुकडा वाचवला होता. साबणाच्या फडक्याने पुसली. पस्तीस वर्षांची टाइल आणि दुकानातल्या त्या दिवशीच्या पांढऱ्या टाइलमध्ये मला, म्हणजे धंद्यातल्या माणसाला, फरक सांगता येईना. जुन्या दिसत होत्या त्या फक्त टाइलमधल्या सिमेंटच्या काळ्या रेघा. त्या रेघांचं पुढे सांगतो, कारण खरं काम तिथेच आहे.

पांढऱ्या टाइलचं हे फक्त आपल्याकडेच नाही. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी स्टेशनांच्या भिंतींना तीन बाय सहा इंचाच्या पांढऱ्या टाइल लावल्या. जमिनीखाली उजेड वाढावा आणि भिंत पुसता यावी, एवढाच हिशोब. आजही दुकानात ते माप "सबवे" नावानेच मागतात. एकशे वीस वर्षं झाली.

तिघांपैकी एकानेच बोलावं

ओटा, खालची-वरची कपाटं आणि टाइल, हे तिघं एकमेकांसमोर उभे असतात. लोक टाइल एकटी बघतात, शोरूमच्या भिंतीवर, आणि भाळतात. घरी ती टाइल काळ्या ग्रॅनाइटवर आणि कपाटांच्या लाल चकचकीत शटरखाली, म्हणजे दारांखाली, जाते तेव्हा तिघं एकदम ओरडायला लागतात. ओटा सगळ्यात महाग आणि बदलायला सगळ्यात अवघड, म्हणून तो आधी ठरवा. मग शटरचं लॅमिनेट, म्हणजे दारांवरचा रंगीत थर. टाइल शेवटी. दुकानात जाताना ग्रॅनाइटचा तळहाताएवढा तुकडा आणि लॅमिनेटचा नमुना पिशवीत न्या. ग्रॅनाइटवाला तुकडा फुकट देतो, त्याच्याकडे ढीग असतो.

ओट्यावर ठिपके, शिरा असं काही चाललेलं असेल तर टाइल गप्प हवी. ओटा एकरंगी असेल तर टाइलला थोडी बोलायची मुभा. पण साधी म्हणजे निर्जीव असंही नाही. हल्ली हाताने घडवल्यासारखी, किंचित खालीवर पृष्ठभागाची, एकाच रंगाच्या दोन-तीन छटांची टाइल मिळते. दिवा लागला की ती पाण्यासारखी हलते. तिच्यात चित्र नाही, कशाची नक्कल नाही. अशी टाइल टिकेल असं मला वाटतं. लाकडासारखी दिसणारी, विटेसारखी दिसणारी, सिमेंटसारखी दिसणारी टाइल मात्र आधी जुनी होते, कारण पुढच्या वर्षी नक्कल करायचं तंत्र सुधारतं आणि आपली नक्कल कच्ची दिसायला लागते. २००८ ची लाकूडछाप टाइल आठवा.

रंग हवाच असेल तर? भाचीला हवा होता. तिला म्हटलं, साड्यांचं नि कुर्त्यांचं कपाट उघड आणि कॉलेजपासून आजपर्यंत कुठला रंग परत परत आलाय तो मोज. बाटलीचा हिरवा निघाला. पंधरा वर्षं जो रंग अंगावर चालला तो भिंतीवरही चालेल. पण यंदा सगळीकडे दिसतोय म्हणून आवडलेला रंग यंदापुरता. तिने हिरवा ओट्यामागे लावला नाही. ड्राय बाल्कनीच्या सिंकमागे, सहा-सात चौरस फुटांत लावला. तो कंटाळवाणा झाला तर एका दुपारचं काम आहे.

माप आणि सांधे

ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत आपल्या फ्लॅटमध्ये साधारण दोन फूट अंतर असतं. टाइलचं माप या दोन फुटांत कसं बसतं ते आधी बघा, रंग नंतर. एक बाय दोन फुटाची, म्हणजे ३०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल आडवी लावली तर दोन ओळींत भिंत भरते, कापावीच लागत नाही. बारा बाय अठरा उभी लावली तर एक ओळ अठरा इंचाची आणि वर सहा इंचाची चिंधी. ती चिंधी आयुष्यभर दिसते. कितीतरी घरं मला टाइलमुळे नाही, त्या चिंधीमुळे जुनाट वाटली आहेत.

छोट्या मापाच्या टाइल दिसायला गोड असतात, पण सांध्यांचा हिशोब करून बघा. समजा ओटा इंग्रजी एल आकाराचा, दहा फूट अधिक सहा फूट. सोळा फूट गुणिले दोन, बत्तीस चौरस फूट. एक बाय दोनच्या सोळा टाइल लागतात आणि सांधे होतात साधारण ४८ फूट. तीच भिंत तीन बाय सहा इंचाच्या सबवेने भरली तर २५६ टाइल आणि १९२ फूट सांधे. रोज फोडणी, आठवड्यातून दोनदा मासे तळणं, शिट्टीतून डाळीचं पाणी. १९२ फूट कोण घासणार? न्यूयॉर्कच्या स्टेशनवर मोहरी तडतडत नाही. सबवे हवीच असेल तर चार बाय बारा इंचाची बघा, सांधे बरेच कमी होतात.

अगदी मोठी, दोन बाय चार फुटाची टाइल लावायचा आग्रह शोरूमवाला करेल. सांधे कमी, हे खरं. पण तुमच्या भिंतीवर स्विचचे चार-पाच बोर्ड असणार, प्रत्येकासाठी त्या मोठ्या टाइलमध्ये खिडकी कापायची. एक खिडकी कापताना तडकली की आख्खी टाइल गेली. हात बसलेला मिस्त्री असेल तरच त्या वाटेला जा.

काचेबद्दल दोन शब्द. मागून रंग दिलेली काच लावली तर सांधेच नाहीत, पुसायला सोपी. पण शेगडीमागे टफन केलेलीच, म्हणजे तापवून कणखर केलेली काच हवी, आणि टफन केल्यावर तिला भोक पाडता येत नाही. म्हणजे सॉकेट कुठे, हे आधीच पक्कं ठरलेलं पाहिजे. आपल्याकडे मिक्सरची जागा काम संपेपर्यंत ठरत नाही, हा माझा अनुभव.

चकचकीत की मॅट

शोरूममध्ये मॅट उच्चभ्रू दिसते. ओट्यामागे चकचकीत घ्या, निदान शेगडीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट तरी. खरखरीत पृष्ठभागावर तेलाचा धूर बसतो, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात टाइलचा रंग अर्धी छटा खाली उतरतो. चिमणी असली तरी. अगदी गुळगुळीत साटिन चालेल. हात फिरवून बघा, नख अडलं तर नको. आणि भिंतीसाठी साधी सिरॅमिक पुरते. जमिनीच्या व्हिट्रिफाइडमध्ये, म्हणजे जास्त घट्ट टाइलमध्ये, पाणी अर्धा टक्क्याहून जास्त शिरत नाही, भिंतीच्या सिरॅमिकमध्ये दहा टक्क्यांहून जास्त शिरू शकतं, हे खरं. पण ते मागच्या बाजूने. पुढे काचेचा थर असतो. "किचनला व्हिट्रिफाइडच लागते" म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

गडद चकचकीत टाइल मात्र सिंकमागे नको. घोडबंदर पट्ट्यात टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना कारण ठाऊक आहे. पाणी वाळलं की पांढरे ठिपके. काळ्या टाइलवर ते तांदळाच्या पिठासारखे उठून दिसतात.

घरच्या उजेडात बघा

शोरूममधला झोत वरून, पिवळसर आणि भरपूर असतो. त्यात कुठलीही टाइल नवरीसारखी दिसते. एक आख्खी टाइल मागून घ्या, अनामत ठेवून देतात, आणि घरी ओट्यावर भिंतीला टेकवून दोन दिवस ठेवा. सकाळी ड्राय बाल्कनीतून येणाऱ्या उजेडात, दुपारी, आणि रात्री दिवा लावून. बिल्डरने लावलेले दिवे बहुतेक ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे असतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). त्यात बदामी टाइल आजारी दिसते आणि शुभ्र पांढरी दवाखान्यासारखी. भाचीच्या घरी आम्ही कपाटाखाली ४००० केल्विनची दिव्यांची पट्टी लावली आणि तीच टाइल माणसात आली. मधल्या पांढऱ्या रंगाची टाइल घ्या, म्हणजे दूध तापवल्यावर जी किंचित पिवळी झाक येते तिच्या जवळची. निळसर पांढरी नको.

एक धोका सांगून ठेवतो. कपाटाखालची पट्टी भिंतीला चिकटून उजेड टाकते, त्यामुळे टाइल एक मिलिमीटर जरी वरखाली बसली असेल तरी सावली पडते. पट्टी लावणार असाल तर टाइल बसवताना मिस्त्रीला तिथे दिवा धरून दाखवा. नंतर दाखवून उपयोग नाही.

त्या काळ्या रेघा

आता रेघांकडे येतो. टाइल म्हातारी होत नाही, सांधे होतात. साधं सिमेंटचं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा माल, तेल आणि हळद पितं. हळदीचा डाग पडला की आपण साबण लावतो आणि डाग लाल होतो, मग घाबरतो. घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते. आपल्या आज्या हळद आणि चुन्यापासून कुंकू करायच्या ते याच गुणावर. धुऊन उन्हात राहिला तर तो डाग फिका पडतो, पण ओट्यामागे ऊन कुठलं? मग कोणीतरी संडास साफ करायचं ॲसिड आणतं. ते सिमेंटच खातं. सांधा खोल होतो, त्यात आणखी तेल बसतं. जुन्या स्वयंपाकघरांची कळा अशी आलेली असते.

इपॉक्सी ग्राउट घ्या. दोन द्रव आणि एक पूड एकत्र करून कालवायचं, थोडं थोडं. ते लवकर घट्ट होतं, म्हणून मिस्त्री कंटाळतात आणि "सिमेंटवालं पण चांगलं असतं साहेब" म्हणतात. ऐकू नका. मात्र ते लावल्यावर टाइलवरचा चिकट थर लगेच ओल्या स्पंजने पुसून काढायला लागतो. दुसऱ्या दिवशी तो निघता निघत नाही आणि चकचकीत टाइल कायमची धुरकट दिसते. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी इपॉक्सी कालवू देऊ नका, एवढं सांगितलं तरी निम्मं काम झालं.

सांधा दोन मिलिमीटर ठेवा, स्पेसर, म्हणजे टाइलमध्ये अंतर राखणारे प्लॅस्टिकचे तुकडे, लावून. "सांधाच दिसणार नाही असं बसवतो" म्हणणारा मिस्त्री टाइलला टाइल भिडवतो, मग ग्राउट आत जातच नाही, वरवर माखलं जातं आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. रंग टाइलच्या जवळचा, अर्धी छटा गडद. पांढऱ्या टाइलला फिकट राखाडी. पांढऱ्या टाइलला काळे सांधे ही २०१६ नंतरची टूम आहे, घेतलीत तर साल लिहून ठेवल्यासारखं होईल.

ओटा आणि टाइल जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरा. तिथे ओटा आणि भिंत वेगवेगळे हलतात, कडक माल तडकतो, आणि त्या फटीतून पाणी कपाटात उतरतं. सिलिकॉन पाच-सहा वर्षांनी कापून परत भरायचं असतं, ते देखभालीत धरा.

खरेदी आणि बसवणी

बत्तीस चौरस फुटांत कंजुषी करण्यात अर्थ नसतो. टाइल पन्नास रुपये फुटाऐवजी नव्वदची घेतली तर फरक होतो १२८० रुपये. तेवढ्यासाठी दुसऱ्या पसंतीची टाइल रोज बघायची का? उलट पाच हजार जास्त घालून वर सोनेरी पट्टी बसवायचा मोह झाला तर तो मात्र आवरा.

सोळा टाइल लागतात, तुटफुटीच्या धरून अठरा. चार जास्तीच्या, बावीस. पेटीत पाच आल्या तर पाच पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते दुकानातच, टेम्पोत चढवायच्या आधी बघा. पांढऱ्या टाइललाही शेड असते. दोन बॅच शेजारी लावले की भिंतीवर ठिगळ दिसतं, आणि बसवल्यावर दुकानदार माल परत घेत नाही. मीही घेत नव्हतो.

बिल्डरची टाइल काढायची की तिच्यावरच नवी लावायची? नाण्याने ठोकून बघा. सगळीकडे टणक आवाज आला तर वरच चिकटवा, चांगल्या टाइल ॲडेसिव्हने. बद्द आवाज आला तिथली काढा. भाचीच्या घरी दोनच टाइल बद्द निघाल्या. त्यामुळे डेब्रिजच्या गोण्या वाचल्या आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोपही. पण वर लावल्याने भिंत सेंटिमीटरभर पुढे येते, सॉकेट आत जातात, तेव्हा इलेक्ट्रिशियनला लांब स्क्रू आणायला आदल्या दिवशीच सांगा. सिमेंटमध्ये बसवणार असाल तर सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवायची, ॲडेसिव्हने बसवताना कोरडीच.

सुरुवात शेगडीच्या मध्यापासून करायला लावा. मिस्त्री सवयीने कोपऱ्यापासून सुरू करतो, मग कापलेला तुकडा बरोबर नजरेसमोर येतो. कापलेले तुकडे फ्रिजच्या बाजूला, कोपऱ्यात. आणि काम सुरू करण्याआधी टाइल ओट्यावर कोरड्या मांडून, पाच पावलं मागे जाऊन एकदा फोटो काढा. फोटोत चूक दिसते, डोळ्याला दिसत नाही. का ते माहीत नाही, पण दिसते.

उरलेल्या चार टाइल माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नको. पेटीवरचा बॅचचा कागद कापून त्यांच्या पाठीला चिकटवा. पाणी गळायला लागलं की प्लंबर पहिला हातोडा टाइलवरच मारतो.

आमच्या द्राक्षांच्याही दोन उरल्या होत्या. एकीच्या मागे हिने बुचाच्या चकत्या चिकटवल्यात. कुकर उतरवला की तिच्यावर ठेवतो.